कवटीची उंची

दर दोन तासांनी.
एकोणचाळीस लाकडी पेट्या, आत मूठभर सुकं गवत
आणि चार-चार अळ्या.
दोन तासांच्या वर उपाशी राहिली तर चिचुंद्री मरते,
कालिनाने पहिल्याच दिवशी बजावलं.
मी म्हटलं, पोरी, आरागिरणीत तिन्ही पाळ्या केल्यात मी,
रात्र कशी कापायची ते मला नको शिकवू.

बियाओवेझाच्या रानात जानेवारी म्हणजे
उणे एकोणीस, पापणीला पापणी चिकटते.
बर्फावर रानगव्याच्या खुरांचे खड्डे,
त्यांतून वाट काढत मी कंदील घेऊन
पेटी पाच, पेटी सहा, रिकामी, रिकामी,
पेटी सातमध्ये खसखस.

अंगठ्याएवढा जीव.
नाक सारखं कुणाला तरी काहीतरी विचारतंय.
दातांची टोकं लाल. मला वाटलं, रक्त.
लोखंड आहे ते, कालिना म्हणाली,
उंदीर समजू नकोस हिला, उंदराशी हिचं गोतच नाही.
काळीज मिनिटाला आठशे ठोके.
माझ्या मुठीत ते ठोके नव्हतेच,
नुसती थरथर होती, दळण चालू असलेल्या जात्याला
हात लावावा तशी.

अस्वल झोपतं. करकोचे आफ्रिका गाठतात.
साळिंदर चरबीवर दिवस काढतं.
हिला यातलं काही जमत नाही,
म्हणून ही स्वतःच कमी होते.
कवटी खाली बसते. मणके आखडतात.
मेंदूसुद्धा, हो, मेंदूसुद्धा,
कारण मेंदू पोसणं सगळ्यांत महाग.
एकशे सतरा नंबरची ऑगस्टात सहा पूर्णांक चार मिलिमीटर,
आता एक्स-रेखाली पाच पूर्णांक तीन.

कालिनाला वाटलं मी तोंडात बोट घालीन.
माझ्या घराला चार खोल्या आहेत.
सिदोर गेला, अर्सेन लिमरिकला मासे भरायला गेला,
तेव्हापासून नोव्हेंबर लागला की मी तीन खोल्यांची दारं लावते,
फटींत जुने कोट कोंबते,
पलंग चुलीजवळ ओढते
आणि एप्रिलपर्यंत स्वयंपाकघराएवढी राहते.
त्या खोल्यांत काय काय ठेवलंय
ते फेब्रुवारीत नीट आठवतही नाही.

विचारलं मी तिला,
हिवाळ्यात ही नेमकं काय विसरते?
कालिना म्हणाली, अळीकडे जायला लांबची वाट धरते,
वेळ जास्त लागतो, ते आम्ही मोजलंय.
म्हटलं, ते नव्हे. विसरते काय?
ती पेन्सिल चावत राहिली.
मग म्हणाली, ते मोजलेलं नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, पेटी बावीस,
एकशे सतराच.
शेपटीचे केस झडलेले, अंगाला माजाचा वास,
आणि कवटी पाच पूर्णांक नऊ.
कालिना ओरडली, नाचली, मला मिठी मारली,
तिच्या खिशातल्या अळ्या
माझ्या स्वेटरवर चुरगळल्या.
वाढली, व्येरा, परत वाढली!

सहा पूर्णांक चार नाही झाली, मी म्हटलं.
नाही, पूर्ण नाही होत कधी, ती म्हणाली,
आणि तिला दुसरा हिवाळा लागतच नाही.
पिल्लं होतील, पानगळीआधी संपेल ती.

मी त्रेसष्ट हिवाळे काढले. याचा हिशेब
कुठल्या वहीत मांडणार?

घरी येऊन दोन खोल्या उघडल्या.
तिसरीचं दार ओलीने फुगलंय,
खांद्याने रेटलं, हललं नाही.
रंधा मारायला हवा, सुतार हाय्नुव्काचा,
फोन करीन म्हणते.
तोवर पाचचा फेरा आलाच,
कंदिलाची गरज नाही आता, उजाडतंय,
अळ्यांचा डबा तेवढा घ्यायचा.